मदत हवी आहे: सातवीला प्रयोग आणि निबंध, दोन्हीकडे गाडी अडलीय

खडू_डस्टर
मुलांना व्याकरणातले प्रयोग ओळखता येत नाहीत, म्हणजे क्रियापद कर्त्याशी जुळतं (कर्तरी), कर्माशी (कर्मणी) की कुणाशीच नाही (भावे). व्याख्या तोंडपाठ, वाक्य दिलं की बोंब. 'ने' दिसला की कर्मणी, नाही दिसला की कर्तरी, एवढंच धरून बसलेत. दुसरं दुखणं निबंधाचं. "आमची सहल पन्हाळ्याला गेली. खूप मजा आली. संध्याकाळी घरी आलो." सगळ्या वह्यांत हेच. चाचणी तोंडावर आलीय. नेमकं काय करायचं ते सांगा. 'वाचनाची आवड लावा' सांगायला येऊ नका, ते मलाही माहीत आहे.

शाहूपुरी_सहावी_गल्ली
माध्यम कुठलं? बालभारती चालू आहे की सुलभभारती? पट किती, तासिका किती मिनिटांची? हे न सांगता उत्तर मागणं म्हणजे अवघडच आहे.

सुवाच्य
सर, निबंधाचं मूळ अक्षरात असतं. दुरेघी वही घ्या, रोज पाच ओळी, शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर एकदाच ओढायची. बॉलपेन बंद करा, शाईपेन द्या. अक्षर सुधारलं की लिहिण्याचा कंटाळा जातो.

खडू_डस्टर
अक्षराचं विचारलेलं नाही. सेमी आहे, म्हणजे बालभारती. पट ५४. तासिका ३५ मिनिटं, त्यातली पाच हजेरीत जातात.

पडताळा
'ने'ची खूण आधी फळ्यावरून पुसा. "शिपायाने चोराला पकडले" यात 'ने' आहे, प्रयोग भावे. "मी आंबा खाल्ला" यात 'ने' दिसत नाही, प्रयोग कर्मणी. खूण दोन्हीकडे फसते.
त्याऐवजी बदलून बघायला लावा. आधी कर्त्याचं लिंग किंवा वचन बदला, बाकी वाक्य तसंच ठेवा. क्रियापद हललं तर कर्तरी. नाही हललं तर कर्म बदला. आता हललं तर कर्मणी. दोन्ही वेळा जागचं हललं नाही तर भावे. "रामाने गाय बांधली", "रामाने बैल बांधला": कर्मणी. "रामाने गायीला बांधले", "रामाने बैलाला बांधले": भावे. ही जोडी शेजारी शेजारी लिहिली की 'ला' काय करतो ते मुलं स्वतःच सांगतात.
पहिल्या दिवशी नपुंसकलिंगी कर्म घेऊ नका. "रामाने पुस्तक वाचले" हे भाव्यासारखंच दिसतं आणि अर्धा वर्ग तिथंच घसरतो. पुस्तकाच्या जागी कविता घातली की 'वाचली' होतं, पण ते दुसऱ्या दिवशी.

शाहूपुरी_सहावी_गल्ली
एवढा कुटाणा कशाला? भूतकाळ आणि सकर्मक क्रियापद असलं की कर्मणी. चाचणीपुरतं चालतं.

पडताळा
नाही चालत. "तो गाणं शिकला, ती गाणं शिकली." भूतकाळ आहे, कर्म आहे, तरी कर्तरी. विसरणे तसंच: "ती धडा विसरली." आणि उलट बाजूनं, "त्याने अभ्यास करावा, त्याने कविता वाचावी" यात भूतकाळ कुठं आहे? तरी कर्मणी. "त्याने घरी जावे" भावे, तिथं 'ला' पण नाही. प्रश्न काढणाऱ्याला नेमकी हीच वाक्यं आवडतात.

संकरवादी
"तू भाकरी खाल्लीस" याचं काय करणार? 'खाल्ली' भाकरीशी जुळतं, 'स' तूशी. हा कर्तृ-कर्म संकर, म्हणजे कर्तरी-कर्मणीची सरमिसळ. तीनच प्रयोग शिकवून मुलांची फसवणूक करू नका.

पडताळा
बरोबर आहे, पण सातवीला संकर घातला तर हाती आहे तेही सांडेल. 'तू'ची वाक्यं द्यायचीच नाहीत, म्हणजे प्रश्न मिटला.

ताराराणी_चौक
खडू_डस्टर सर, मुलं चुकतात म्हणजे नेमकी कुठल्या वाक्याला काय उत्तर देतात? तीन-चार तशीच्या तशी टाका. त्याशिवाय सगळे अंधारात बाण मारतायत.

खडू_डस्टर
घ्या. मी स्वतः वाक्य तयार करायला सांगितलं होतं.
"मी भाकरी खाल्लो" – कर्तरी.
"मी अभ्यास केलो" – कर्तरी.
आणि एका मुलीनं "मी शाळेत जातो" हे कर्मणी लिहिलंय! विचारलं तर म्हणाली, "कर्ता बदलला तरी क्रियापद बदललं नाही."

ताराराणी_चौक
मग मुलं चुकलेली नाहीत. आपल्याकडं घरात "मी भाकरी खाल्लो, मी काम केलो" असंच बोलतात. त्या वाक्यात क्रियापद कर्त्याशीच जुळतं, म्हणजे मुलाच्या वाक्यापुरतं कर्तरी हे उत्तर खरं आहे. त्याच्या कानात 'मी'सोबत कर्मणी नाहीच. तुम्ही "मी भाकरी खाल्ली" लिहिता आणि तो मनात 'खाल्लो' वाचतो.
मुलीचंही तेच. कोल्हापुरात बायकाही "मी जातो, मी येतो" म्हणतात. मुलाचा 'मी' काढून मुलीचा 'मी' घातला तर काहीच हलत नाही. तिनं पहिली पायरी इमानदारीत केली, पुढची कर्म बदलायची, ती राहिली. या वाक्यात कर्म आहे तरी का, हे तिला कुणीतरी विचारायला हवं होतं.
उपाय साधा आहे. पडताळ्यासाठी 'मी' आणि 'तू' बाजूला ठेवा, फक्त तो, ती, ते. "त्यानं भाकरी खाल्ली, त्यानं आंबा खाल्ला" हे घरातही असंच बोलतात, तिथं कान साथ देतो. तृतीय पुरुषात हात बसला की मग 'मी'. फळ्यावर दोन रकाने करा, डावीकडं 'घरातलं', उजवीकडं 'पुस्तकातलं', आणि दोन्ही वाक्यांचा पडताळा मुलांकडूनच करून घ्या. 'अशुद्ध' हा शब्द वापरू नका, त्यानं मुलं बोलायचीच थांबतात.

नियमावली
म्हणजे शुद्धलेखन गुंडाळून ठेवायचं का? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले, एकूण अठरा. सातवीपर्यंत ते यायलाच हवेत. 'कवी' दीर्घ पण 'कविमन' ऱ्हस्व, 'बुद्धी' दीर्घ पण 'बुद्धिमान' ऱ्हस्व. आणि 'आणि' कायम ऱ्हस्वच. वही तपासताना प्रत्येक चुकीला लाल गोल करा.

ताराराणी_चौक
नियमांना कुणी नाही म्हटलेलं नाही. पण ५४ वह्यांत प्रत्येक चुकीला गोल केला तर मुलगा फक्त गोल मोजतो, वाचत नाही. आठवड्याला एकच चूक धरा. या आठवड्यात क्रियापदाची जुळणी. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात नुसतं टिंब द्या, चूक कुठली ते मुलानं शोधायचं. वेलांटी-उकार पुढच्या आठवड्यात.

नियमावली
पालक विचारतील, सरांना चूक दिसली नाही का?

ताराराणी_चौक
वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, 'या आठवड्यात काय तपासलं.' पालकांची सही घ्या.

गुऱ्हाळ_फेम
निबंधाचं कोण बोलणार? सहल हा विषयच मोठा आहे, म्हणून मुलं बसमधनं चढतात नि उतरतात. जागा एक द्या. अख्खा पन्हाळा नको, फक्त तिथला अंबरखाना, म्हणजे धान्याचं जुनं कोठार. आत पाऊल टाकल्यावर उजेड, आवाज, हवा यात काय बदललं, एवढंच.
तीस मिनिटं अशी लावा. पाच मिनिटं नुसते शब्द, वाक्य नाही, प्रत्येकाचे निदान १२. बारा मिनिटं लेखन, आठ ते दहा वाक्यं. छान, सुंदर, मजा, खूप हे चार शब्द फळ्यावर लिहून त्यांवर काट मारा. आठ मिनिटं शेजाऱ्याला वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्यानं एकच प्रश्न विचारायचा. उरलेल्या पाच मिनिटांत त्या प्रश्नाचं उत्तर निबंधात कुठं घालायचं ते ठरवून घालायचं. हा शेवटचा टप्पा गाळला तर सुधारणा होत नाही, आणि वेळ कमी पडला की सगळे नेमका तोच गाळतात.
पन्हाळा न पाहिलेली मुलं असतील तर गुऱ्हाळ घ्या. काहील (रस उकळायची मोठी कढई), चुलवाण, मळी, ढेप, गुळव्या (गूळ तयार करणारा) हे शब्द मुलांकडं आधीच असतात, ते कुठल्याही गाईडात मिळायचे नाहीत.

संकरवादी
वाक्यं तुटक असतात त्याला इलाज? व्याकरण तिथं कामाला येतं.

गुऱ्हाळ_फेम
येतं की. दोन वाक्यं द्यायची, एक करून मागायचं. "गुळव्याने काहील उतरवली. त्याने घाम पुसला." याचं "काहील उतरवून गुळव्याने घाम पुसला." पण "पाऊस आला. आम्ही थांबलो" याचं मुलं "पाऊस येऊन आम्ही थांबलो" करतात. कर्ते दोन आहेत, तिथं 'ऊन' बसत नाही, 'पाऊस आल्यावर' किंवा 'आला म्हणून' घ्यायचं. रोज तीन जोड्या, दुसऱ्या दिवशी त्यातली एक स्वतःच्या निबंधातली.

भुदरगडी
आणि सर, गुऱ्हाळात माणसं बोलतील ती कशी बोलणार, पुस्तकी? "आरं, जाळ कमी कर की!" हे कापू नका हं. नाहीतर गुळव्या पुण्याचा वाटायला लागतोय.

ताराराणी_चौक
अवतरणात बोली, बाहेर प्रमाण. एवढा एक नियम पुरे. अवतरणचिन्ह का असतं हेही त्यातच समजतं.

खडू_डस्टर
प्रयोगाचं सोमवारपासून तो-ती-तेनं सुरू करतो. पण चाचणीत 'मी'ची वाक्यं आलीच तर?

पडताळा
'मी' खोडून 'त्याने' किंवा 'तो' लिहायचं, जे बसेल ते. "मी पत्र लिहिले": 'तो लिहिले' होत नाही, 'त्याने लिहिले' होतं. मग पत्राच्या जागी चिठ्ठी घालायची, 'लिहिली', म्हणजे कर्मणी. "मी धडा शिकलो": 'त्याने शिकला' बसत नाही, 'तो शिकला' बसतं. मग 'ती शिकली', म्हणजे कर्तरी. कच्चं काम समासात पेन्सिलीनं करू द्या.