जुन्या ट्रॅमना पाहुणी म्हणून परगावी पाठवावं का?

रुळवेडा:
मी इंग्लंडमध्ये डर्बीत राहतो. इथून जवळच क्रीचला चुनखडीच्या जुन्या खाणीत ट्रॅमचं संग्रहालय आहे. तिकिटासोबत जुनी पेनी हातात देतात. ती कंडक्टरला दिली की दिवसभर हवं तितकं फिरा. अशा ठिकाणांमध्ये गाड्यांची देवाणघेवाण चालते, समुद्रकाठच्या ब्लॅकपूल शहराची इकडे, इकडची तिकडे. माझ्या मते हे बंद व्हावं. शंभरी गाठलेलं लाकडी धूड ट्रेलरवर चढवून हायवेने कशाला न्यायचं? बघायचीय त्याने यावं की इथे.

गिरगावकर:
अजिबात पटलं नाही. ग्लासगोने १९६२ला ट्रॅम बंद केली. १९८८च्या गार्डन फेस्टिव्हलला त्याच शहराच्या जुन्या गाड्या क्रीचहून नेऊन चालवल्या. २६ वर्षांनी! हे पाहुणी जाणं नाही हो, माहेरपण आहे.

रुळवेडा:
माहेरपणाला माझी ना नाही. पण ब्लॅकपूलची ती होडीच्या आकाराची उघडी ट्रॅम (१९३४ची) समुद्रकाठी शोभते. खाणीत, डर्बीशरच्या पावसात तिचं काय काम?

फिटरमामा:
शेडमध्ये आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. भावना राहू द्या, चाकं बघा. ग्लासगोचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) ४ फूट ७¾ इंच, म्हणजे रेल्वेच्या स्टँडर्ड गेजपेक्षा पाऊण इंच कमी. कारण मजेशीर आहे. रेल्वेचे मालडबे ट्रॅमच्या रुळांवरून न्यायचे होते. त्यांच्या चाकांची कड जाड आणि खोल, ती रुळाच्या खाचेच्या तळाला टेकायची आणि डबा कडेवरच चालायचा. ते जमावं म्हणून रूळ जरा जवळ घेतले. आता अशी गाडी दुसरीकडे चालवायची तर चाकांचं काम निघणारच. पण उभी गाडीही सुखरूप नसते बरं. मोटरच्या गुंडाळीत ओल शिरते. परगावी पाठवायच्या निमित्ताने ब्रेक, वायरिंग, बेअरिंग सगळं उघडून बघितलं जातं. एरवी कोण उघडतंय?

रुळवेडा:
म्हणजे पाठवायची म्हणून दुरुस्त करायची? घरच्यासाठी नाही?

फिटरमामा:
पाहुणे येणार म्हटल्यावरच घराला रंग लागतो ना?

गिरगावकर:
रुळवेडा, तुमच्याकडे निदान भांडायला गाड्या तरी आहेत. मुंबईची शेवटची ट्रॅम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. दादर टी.टी. म्हणजे ट्रॅम टर्मिनस, हे माझ्या पोराला सांगितलं तर त्याला खरं वाटेना. आपण कोणाला गाडी पाठवू शकत नाही, आणि कोणाची आलीच तर उतरवायची कुठे? रूळच नाहीत.

रुळवेडा:
हे लागलं. बरं, ग्लासगोची गाडी ग्लासगोला जाऊ दे. पण मामा, चाकं बदलून पाठवली तर मूळ चाकांचं काय?

फिटरमामा:
ग्रीस फासायचं, खडूने गाडीचा नंबर लिहायचा, शेडच्या कोपऱ्यात ठेवायची. आणि जरा लक्ष ठेवायचं. आमच्याकडे एकदा त्यांवर कुणीतरी चहाचं टेबल केलं होतं.