मदत हवी: पायथॉनचं पान घरी चालतं, शाळेत नुसतं चक्र फिरतं

नंदगडची:
अर्जंट आहे. सातवीच्या मुलांसाठी पाढ्यांचा खेळ केलाय, पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, ब्राउझरमध्येच चालतो. घरी झकास. शाळेच्या लॅबमध्ये नेला की पांढरं पान आणि मधोमध चक्र. अर्धा तास मुलं चक्राकडे बघत बसली, शेवटी एकानं विचारलं, "बाई, हाच खेळ काय?" शनिवारी पालक येणार आहेत. ब्राउझर नवीन आहे, तो अपडेट करा म्हणून सांगू नका.

टिळकवाडीकर:
ब्राउझरला मुळात पायथॉन कळत नाही, जावास्क्रिप्ट कळते. मधे दुभाष्या कोण घातलाय? पायस्क्रिप्ट, ब्रायथॉन, आणखी काही? लॅबला नेट आहे का?

निपाणीकर:
जावास्क्रिप्ट शिका. दोन संध्याकाळींचं काम. पाढे म्हणजे एक लूप. त्यासाठी अख्खा पायथॉन आणायचा म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाला जायला वडाप करण्यातली गत.

नंदगडची:
निपाणीकर, मुलांना मी पायथॉनच शिकवते. खेळ संपला की त्यांनी कोड उघडून बघायचाय.
पायस्क्रिप्ट आहे. लॅबला नेट नाही, पण पान पेनड्राइव्हवर आहे. मग नेट कशाला?

टिळकवाडीकर:
हे आधी सांगायचं की वो! पेनड्राइव्हवर फक्त तुमचा कोड आहे, पायथॉन नाही. पायस्क्रिप्ट आतून पायोडाइड वापरतं, म्हणजे वेबअसेम्ब्लीत, ब्राउझरला चालवता येणाऱ्या रूपात, बांधलेला खराखुरा पायथॉन. कित्येक एमबीचं ते गाठोडं पान उघडल्यावर नेटवरून उतरतं. घरी वायफाय होतं म्हणून तुम्हाला कळलं नाही.

जुनाखोड:
आमच्या वेळी मायक्रोसॉफ्टची व्हीबीस्क्रिप्ट भाषा ब्राउझरमध्ये थेट चालायची. दुभाष्या नाही, गाठोडं नाही.

टिळकवाडीकर:
काका, ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायची. तोही २०२२च्या जूनमध्ये निवृत्त झाला.

चिकोडी_फाटा:
बाई, ब्रायथॉन घ्या. दोन जेएस (जावास्क्रिप्ट) फाइली घरून उतरवून पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवायच्या, पानात त्यांचा पत्ता द्यायचा. नेट लागत नाही. तो पायथॉनची जावास्क्रिप्ट करून चालवतो.

टिळकवाडीकर:
पण तो खरा पायथॉन नव्हे. नम्पाय, म्हणजे मोठ्या आकडेमोडीची लायब्ररी, चालत नाही. पायोडाइडसुद्धा उतरवून ठेवता येतो.

चिकोडी_फाटा:
येतो, पण त्याला सर्व्हर लागतो, डबल क्लिकनं भागत नाही. आणि सत्तावीस नवे काढायला नम्पाय?

अंकलिपी:
पाढे मराठी अंकांत दाखवा हो. पायथॉनच्या इंटला, म्हणजे अक्षराचा आकडा करणाऱ्या फंक्शनला, देवनागरी '७' दिला तरी त्याला सात कळतं. फार जणांना हे माहीत नसतं.

नंदगडची:
ब्रायथॉन केलं, चक्र गेलं. आता कुठलाही आकडा उचलून देणारं 'रँडम' सापडत नाही म्हणतोय. ती ओळ काढून बघितलं तर पुढं आणखी एक. उत्तर दाखवण्याआधी दोन सेकंद थांबायला टाइम डॉट स्लीप घातलंय, तर 'टाइम'ही सापडत नाही म्हणतोय.

चिकोडी_फाटा:
दोन फाइली सांगितल्या होत्या, तुम्ही एकच नेलीत. दुसरीत, म्हणजे ज्या फाइलच्या नावात स्टडलिब आहे तिच्यात, रँडम आणि टाइम दोन्ही आहेत.
पण स्लीप तरीही ब्राउझरमध्ये चालणार नाही. पानाचं सगळं काम एकाच धाग्यावर (थ्रेडवर), एकामागून एक चालतं. तो झोपला की बटणंसुद्धा झोपतात. ब्राउझर मॉड्यूलमधलं टायमर घ्या, सेट टाइमआउटला फंक्शनचं नाव आणि २००० द्या. २००० म्हणजे मिलिसेकंद. फंक्शनच्या नावापुढं कंस टाकू नका, नाहीतर ते तिथल्या तिथं चालून मोकळं होईल.
तुमचा कोड वेगळ्या फाइलीत ठेवून इम्पोर्ट करत असाल तर तोही पानातच घाला. डबल क्लिकनं उघडलेल्या पानाला ब्राउझर शेजारची पायथॉन फाइल वाचू देत नाही.

निपाणीकर:
जावास्क्रिप्टमध्येही सेट टाइमआउटच असतं. सहज सांगितलं.

नंदगडची:
खरंच एकच फाइल नेली होती. आणि कंसही टाकला होता, उत्तर प्रश्नाच्या आधीच येत होतं, मुलं खूश.
आता एका मशीनवर चाललाय. बाकीची अकरा उद्या. कणकुंबीकडं आभाळ भरलंय, लाईट राहिली तर.

जुनाखोड:
म्हणजे व्हीबीस्क्रिप्ट नकोच म्हणता?