व्हेंजन्स डाइव्ह बॉम्बरचं मॉडेल कुठे मिळेल? बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी, बजेट २,५००

कुडाळची_लेक
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांची पंच्याहत्तरी आहे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात एअर फोर्सच्या ८ नंबर स्क्वाड्रनमध्ये फिटर होते, १९४३-४४ ला चितगावला. बाबा लहान असताना ते एकाच विमानाच्या गोष्टी सांगायचे, त्याला ‘वेंजन’ म्हणायचे, आणि घरात सगळ्यांना वाटायचं म्हातारा इंजनाबद्दल बोलतोय. ते व्हल्टी व्हेंजन्स नावाचं विमान होतं, डाइव्ह बॉम्बर, म्हणजे खाली सूर मारत बॉम्ब टाकणारं, हे मला मागच्या वर्षी कळलं. तर त्याचं मॉडेल द्यायचं मनात आहे. मी यातलं काहीही आधी केलेलं नाही. बजेट २,५००, त्यावर जमणार नाही. कुठलं घेऊ?

विमानवेडा_७२
स्टुका घ्या. एअरफिक्स कंपनीचं, १/७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. डाइव्ह बॉम्बर म्हटलं की स्टुकाच. सगळीकडे मिळतं. माझ्याकडे तीन आहेत.

कुडाळची_लेक
अहो पण स्टुका जर्मनांचं ना? आजोबा जर्मनीत नव्हते :)

पेठेतला_कावळा
व्हेंजन्सचं १/७२ मध्ये झेक कंपनी स्पेशल हॉबीचं किट (सुटे भाग, आपण चिकटवायचे) आहे, त्याआधी फ्रॉगचं जुनं होतं. मी स्पेशल हॉबीवालं परदेशातून मागवलं. किटची किंमत एक आणि कुरिअर, कस्टम धरून घरी पडली भलतीच, बायकोला अजून खरा आकडा सांगितलेला नाही. वर रंग वेगळे, लिक्विड सिमेंट वेगळं, पुट्टी, सॅंडपेपर, बारीक ब्रश. २,५०० विसरा. पण घ्याच, आयुष्यात एकदाच होते पंच्याहत्तरी.

गंजलेला_नट
कावळ्याशी सहमत. आणि रंग ऑनलाइन मागवू नका, माझे इनॅमलचे डबे विमानाने पाठवता येत नाहीत म्हणून दोनदा परत गेले आणि तिसऱ्यांदा आले ते एक डबा फुटून, सगळं खोकं हिरवं. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. जवळच्या हॉबी दुकानात जाऊन ॲक्रिलिक घ्या.

मिडवेप्रेमी
व्हेंजन्स हे फसलेलं विमान हो. ऑस्ट्रेलियनांनी १९४४ च्या मार्चमध्ये न्यू गिनीतून मागे घेतलं. खरा डाइव्ह बॉम्बर म्हणजे अमेरिकेचं डॉन्टलेस. ४ जून १९४२, मिडवेची समुद्री लढाई. अमेरिकन वैमानिक मॅक्लस्की एंटरप्राइज या विमानवाहू नौकेवरून निघाला, जपानी आरमार सापडेना, इंधन संपत आलं, तरी एका एकट्या जपानी विनाशिकेच्या मागे मागे गेला आणि खाली अकागी, कागा या जपानी विमानवाहू नौका! पलीकडून यॉर्कटाउन या दुसऱ्या अमेरिकन नौकेची स्क्वाड्रन आली ती तिसऱ्या, सोर्यूवर. काही मिनिटांत तिन्ही पेटल्या. यॉर्कटाउनवाल्या लेस्लीचा तर बॉम्ब वाटेतच स्विचच्या बिघाडामुळे समुद्रात पडला होता, तरी तो बाकीच्यांना घेऊन पुढे गेला आणि रिकाम्या विमानाने सूर मारला. हे मॉडेल बघून बाबा खूश होतील.

कुडाळची_लेक
गोष्ट भारी आहे पण ती मला माहीत नसलेल्या माणसांची आहे.

रिटायर्ड_एअरफ्रेम
मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, म्हणून बोलतो. फसलेलं म्हणणाऱ्यांनी आधी विमान समजून घ्यावं. साधारण विमानाचा पंख किंचित वर तिरका बसवलेला असतो, त्यामुळे सरळ उडतानाच उचल मिळते. व्हेंजन्सचा पंख धडाच्या रेषेतच, तिरकेपणा शून्य. का, तर उभा सूर मारताना पंखाने उचल देऊन विमान रेषेवरून सरकवू नये म्हणून. अगदी ९० अंशात खाली, दगडासारखं, म्हणून बॉम्ब नेमका पडायचा. त्याची किंमत अशी की सरळ उडताना उचल मिळवायला नाक वर धरून जावं लागायचं, आणि वैमानिकाला पुढचं नीट दिसायचं नाही. बर्मातल्या आराकानच्या जंगलात टेकडीवर खणून बसलेल्या जपान्यांचे बंकर फोडायला हेच कामाचं होतं. दहा-बारा हजार फुटांवरून विमानं एकामागून एक कलंडायची. ८ नंबर १ डिसेंबर १९४२ ला त्रिचीला उभी राहिली आणि १९४३ च्या डिसेंबरात चितगावच्या डबल मूरिंग्जवरून लढाईत उतरली. ताईंचे आजोबा म्हणजे तिथलेच.

कुडाळची_लेक
काका!! आजोबा म्हणायचे, ‘शेपटी खाली टाकून चालायचं, गाभण म्हशीसारखं.’ ते हेच का?

रिटायर्ड_एअरफ्रेम
हेच.

विमानवेडा_७२
पण स्टुकाला सायरन होता.

सात_नंबरी
आमच्या ७ नंबरकडेही व्हेंजन्सच होतं, कोणी बोलत नाही. सिलचरजवळच्या उदरबंदवरून १९४४ ला इंफाळच्या लढाईत उडत होते. तिथेच पी. सी. लाल होते, पुढे १९७१ च्या युद्धात हवाई दलप्रमुख तेच. आणि हीच ७ नंबर १९९९ ला कारगिल युद्धात मिराज विमानं घेऊन टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकून आली. उभा सूर ते लेझर, एकच स्क्वाड्रन.

पेठेतला_कावळा
८ नंबरचा पहिला सीओ (स्क्वाड्रनचा प्रमुख) निरंजन प्रसाद, मूळचा आर्मीतला. हाच ना १९६५ च्या युद्धात लाहोर आघाडीवर आर्मीच्या १५ डिव्हिजनचा प्रमुख, ज्याला कमांडवरून काढलं?

सात_नंबरी
हो तोच. पण त्यात फक्त त्याचाच दोष नव्हता.

पेठेतला_कावळा
मग कोणाचा? जरा सविस्तर लिहा की.

*(इथले १४ प्रतिसाद १९६५ च्या धाग्यावर हलवले आहेत. विषयाला धरून बोला. – व्यवस्थापक)*

चाळीतला_वैमानिक
स्वस्त उपाय देतो. ८ नंबर १९४४ मध्ये व्हेंजन्स सोडून स्पिटफायर या लढाऊ विमानावर गेली. स्पिटफायरचं १/७२ किट कुठेही मिळतं, बजेटमध्ये रंगासकट बसेल, सोपंही आहे. आजोबांची स्क्वाड्रनच की ती.

रिटायर्ड_एअरफ्रेम
हा सल्ला वाईट नाही.

पैठणी_आणि_प्रॉपेलर
कुठलंही घ्या, त्यावर हवाई दलाच्या विमानांवर असतो तो आपला तिरंगी गोल लावा, छान दिसतो.

रिटायर्ड_एअरफ्रेम
१९४४ ला कुठला तिरंगा ताई. उलट बर्मा आघाडीवर गोलातला लाल ठिपकासुद्धा काढला होता, जपानी सूर्य समजून आपलेच आपल्याला पाडतील म्हणून. गडद निळा आणि आत फिकट निळा, बस. किटच्या डिकल्समध्ये (चिकटवायच्या चित्रांमध्ये) लाल असेल तर ती वापरू नका.

सिडनीकर
इकडे कॅमडेनच्या संग्रहात एक व्हेंजन्स जपून ठेवलंय. बाबांना घेऊन या, राहायची सोय आमच्याकडे.

गंजलेला_नट
२,५०० मध्ये सिडनी, वा.

कुडाळची_लेक
(तीन आठवड्यांनी) सगळ्यांचे आभार. किट घेतलं नाही, रागावू नका. काकांनी सांगितलेलं सगळं कागदावर उतरवलं, इंटरनेटवरचे दोन फोटो छापले आणि सावंतवाडीला चितार आळीत एका खेळणी करणाऱ्या काकांना दिले. लाकडी विमान हातभर, १,८०० रुपये. आधी त्यांनी सवयीने लालपिवळं रंगवलं होतं, मग परत देऊन हिरवं-मातकट करून घेतलं, गोल निळा. चाकं जरा बैलगाडीची वाटतात. बाबांनी उघडून बराच वेळ हातात धरलं, मग म्हणाले शोकेसमध्ये सरळ ठेवू नको. शेपटीला दोरी बांधून छताला टांगलंय, नाक बरोब्बर खाली. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे पडतंय का, आणि बाबा तासभर सुटतात.

रिटायर्ड_एअरफ्रेम
फोटो टाका. पंख तिरका नाही ना बसवला?

विमानवेडा_७२
छान. पण त्याच पैशात स्टुका आलं असतं.