फैजपूरहून मालवणला स्नॉर्कलिंग + तंबू, विहिरीतलं पोहणं समुद्रात कामाला येतं का?

सातपुड्याचा_पायथा (फैजपूर)

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या. जानेवारीत मी, बायको, मुलगा 13 वर्षांचा आणि पुतणी 11 वर्षांची असे चौघं मालवणला जायचं म्हणतोय. चार दिवस. मुलाने कुठेतरी व्हिडिओ बघितला पाण्याखालच्या प्रवाळाचा आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय की पप्पा मला ते डोळ्यांनी बघायचंय. आम्ही सगळे विहिरीत पोहायला शिकलेलो, मुलालाही मीच पाठीला रिकामा कॅन बांधून शिकवलं, आता तो काठावरून मुटका मारतो. पुतणीला थोडंफार येतं. पण समुद्रात कधीच उतरलेलो नाही, आणि विहिरीच्या पाण्याला लाटही नसते अन् ओढही नसते, म्हणून मनात धाकधूक आहे.

दुसरं म्हणजे तंबू. आमच्याकडे दोन तंबू आहेत, सातपुड्यातल्या पाल आणि तोरणमाळ या गावी तीन-चारदा राहिलोय, मुलांना त्याची फार आवड. मालवण-तारकर्लीच्या वाळूत तंबू टाकून राहता येतं का? शेकोटीवर भरताची वांगी भाजू असं ठरवलंय, वांगी अन् कळण्याचं पीठ घरूनच नेणार. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, अगदी बारीकसारीकसुद्धा सांगा.

माहेर_मालवण_सासर_चोपडा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक जण फक्त किती पैसे लागतील एवढंच विचारतात. माझे काका अजून होडी चालवतात, लहानपणापासून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडपात आम्ही वाढलो, म्हणून हक्काने सांगते.

सगळ्यात आधी तारीख हॉटेलच्या रेटवरून ठरवू नका, तिथीवरून ठरवा. आमच्या कोकणात भरतीची वेळ काढायचा सोपा हिशोब आहे, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, म्हणजे सकाळी साधारण त्या वेळेला पूर्ण भरती. थोडं पुढंमागं होतं पण अंदाज चुकत नाही. आता हे तुमच्या कामाचं का, तर पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त आणि गाळ उठतो, आणि अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते शांत. म्हणून दशमीच्या आगेमागे सकाळी आठच्या सुमाराला भरतीचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, वारा पडलेला असतो, तेव्हा खाली बघायला मिळतं. दुपारी वारा सुटला की पाणी हलायला लागतं अन् मुलं घाबरतात. होडीवाला दुपारची वेळ देत असेल तर नको म्हणा.

किल्ल्याभोवतीचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. पाणी अंदमानसारखं निळंशार काचेसारखं नाही, हिरवट असतं, हे मुलाला आधीच सांगून ठेवा म्हणजे हिरमोड होणार नाही. पण एकदा नजर बसली की मग बघा, मेंदूच्या वळ्यांसारखं गोल प्रवाळ, त्याच्या फटीतून पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे आत-बाहेर करतात, आणि एखादा पोपट मासा प्रवाळाला चोच लावून कुरतडत असेल तर त्याचा कर्रकर्र आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. मी आठ वर्षांची असताना पहिल्यांदा ऐकला तो, अजून कानात आहे.

ते प्रवाळ दगड नव्हे बरं का, जीव आहे. बारीक बारीक प्राणी एकमेकांना चिकटून राहतात, त्यांच्या अंगात शैवाल असतं आणि तेच त्यांना बरंचसं अन्न पुरवतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं तर ते शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. मुलांना हे सांगा, ती मग आपोआप हात लावत नाहीत.

पांझराकाठ_धुळे

वर ताईंनी भरतीचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे, मी मास्कचं सांगतो.

विहिरीतलं पोहणं कामाला येतं, पण एक सवय मोडावी लागते. आपण विहिरीत डोकं वर ठेवून हातपाय मारतो, इथे तोंड खाली घालून निवांत पडून राहायचं असतं आणि श्वास फक्त तोंडाने. पहिल्यांदा नाक बंद झालं की छाती धडधडते, मोठ्या माणसाचीसुद्धा. म्हणून डोळे-नाक झाकणारा मास्क आणि श्वास घ्यायची नळी आत्ताच घ्या, महिनाभर रोज संध्याकाळी हौदात दहा मिनिटं. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा, पडला नाही तर तो तुमचा. मिशी असेल तर वरच्या ओठाशी पाणी झिरपतं, थोडं व्हॅसलीन लावा. काचेवर आतून थुंकी चोळून पाण्यात खळबळून घ्या, धुकं धरत नाही, ऐकायला कसंतरी वाटतं पण चालतं. पाणी आत गेलं तर मान थोडी वर, वरची कडा बोटाने दाबायची आणि नाकाने जोरात फुंकायचं. या चार गोष्टींतलं एकही समुद्रात गेल्यावर शिकू नका. आणि लाइफ जॅकेट चौघांनाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी.

आता माझी चूक सांगतो. अंदमानात हॅवलॉकच्या एलिफंट बीचला पाण्यात दमलो म्हणून खाली पाय टेकवला, टेकवला तो नेमका फांद्यांच्या प्रवाळावर. कडकन आवाज आला. गुडघ्याला कापलं ते भरायला तीन आठवडे लागले, पण ते सोडा, ती तुटलेली फांदी माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू खाली गेली ते मला विसरता येत नाही. गोल प्रवाळ तर वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतं, म्हणजे डोक्याएवढं व्हायला किती वर्षं लागली असतील बघा. दमलात तर पाठीवर उलटे व्हा, उभं राहू नका. मुलांना हौदातच याची सवय लावा, पाय न टेकवता पंधरा मिनिटं.

नर्मदेच्या_वाटेवर (नंदुरबार)

घरात कोणी म्हातारं माणूस असेल किंवा पुतणी पाण्याला फारच घाबरली तर पुढच्या वेळी जामनगरकडचं नरारा करा. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान, 1982 सालचं, देशातलं पहिलं. तिथे ओहोटीला पाणी मैलभर मागे जातं आणि उघड्या पडलेल्या खडकातून चालत चालत प्रवाळ दिसतं, मास्क-बिस्क काही नको. मी आईला नेलं होतं, ती 68 वर्षांची, गुडघ्याएवढ्या पाण्यात काठी टेकत चालली. एका डबक्यात अष्टपाद होता, आम्ही वाकलो तसा तो दगडाच्या रंगाचा झाला, आई म्हणे अगं बाई हा कुठे गेला, आणि तो तिच्या पायाशीच. जाड तळाचे बूट हवेतच, वनखात्याची परवानगी घेऊन गाइडबरोबरच जायचं. आपल्याला तापी लाइनच्या रेल्वेने सुरत अन् तिथून पुढे, मालवणपेक्षा सोपं पडतं.

सातपुड्याचा_पायथा

इतकं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. मास्क उद्याच मागवतो. तंबूचं कोणीच बोललं नाही? आणि गाडी कोणती बरी?

माहेर_मालवण_सासर_चोपडा

गाडी मंगला एक्सप्रेस धरा, भुसावळ-जळगाववरून थेट कोकण रेल्वेला लागते. कुडाळ नाहीतर कणकवली, जिथे थांबा मिळेल तिथे उतरा, कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर.

तंबूचं मुद्दाम वेगळं लिहायचं होतं. दोन वर्षांपूर्वी आमचे चोपड्याचे नातेवाईक आले, पौर्णिमा होती, चांदण्यात वाळूवर झोपू म्हणाले. काका नको म्हणत होते, पण संध्याकाळी पाणी इतकं लांब होतं की कोणी ऐकलं नाही. पौर्णिमेची भरती दुपारी अन् मध्यरात्री बाराच्या सुमाराला. रात्री पाणी तंबूच्या आत, गाद्या भिजल्या, एक चप्पल अन् पातेलं गेलं, लहान बाळ होतं ते रडून रडून बेजार. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची अन् काटक्यांची रेघ दिसते ना, ती शेवटच्या भरतीची खूण, तिच्या खाली तंबू कधीच नको, आणि उधाणाला तर ती रेघसुद्धा पुढे सरकते.

त्यापेक्षा होमस्टेवाल्यांना विचारा, बरेच जण आपल्या वाडीत तंबू टाकू देतात, संडास-पाण्याची सोय होते. फक्त माडाखाली नको. वरून नारळ पडतो, सुकलेली झावळ पडते, दोन्ही जीवघेणं. सुरूच्या झाडांच्या आडोशाला लावा.

शेकोटी किनाऱ्यावर करू नका भाऊ. हिवाळ्यात आमच्याकडच्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, उजेड दिसला तर मादी मागे फिरते, आणि पिल्लं तर समुद्र सोडून उजेडाकडेच चालायला लागतात. भरीत वाडीतल्या चुलीवर भाजा, कोणीही देईल, अन् त्यांनाही वाढा, आमच्याकडे खानदेशी भरीत फार कमी जणांनी खाल्लंय.

आणि किनाऱ्यावर प्रवाळाचा मेलेला तुकडा सापडला तरी पिशवीत घालू नका, वन्यजीव कायद्यात ते आहे, पकडलं तर त्रास होतो. क्रीम फासण्यापेक्षा चौघांनाही पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट घाला.

सातपुड्याचा_पायथा

ताई, तुमच्या हिशोबाने कॅलेंडर घेऊन बसलो आणि शुद्ध दशमी धरून तिकिटं काढली, आदल्या दिवशी पोचतोय. पौर्णिमेच्या आत परत. आज हौदात पहिला दिवस, मुलगा आठ मिनिटं राहिला पाय न टेकवता, पुतणीने दोनदा मास्क काढला आणि तिसऱ्यांदा स्वतःच मागून घेतला. काकांच्या होडीत सकाळी आठची जागा मिळेल का तेवढं विचारून सांगा, वांगी त्यांच्यासाठी पण आणतो.

माहेर_मालवण_सासर_चोपडा

विचारलं. काका म्हणाले सातला जेटीवर या, उपाशी या, पोटभर खाऊन मास्क घातला की मळमळतं. वांगी बामणोदची आणा.