चर्चा: लष्कराच्या माळावर सायकल चालवू द्यावी का?

हेदरवाट: इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉट, फार्नबरोच्या बाजूला माउंटन बाइक चालवणारे मराठी लोक इथे असतील, त्यांच्यासाठी विषय काढतोय. इथलं बरंचसं हीथलँड ब्रिटिश लष्कराच्या सरावासाठी राखलेलं आहे. हीथलँड म्हणजे रेताड, निकस जमीन, तिच्यावर हेदर आणि काटेरी गॉर्सची झुडपं. ऑगस्टमध्ये सगळा माळ जांभळा होतो. १८५४ साली लष्कराने इथे तळ ठोकला म्हणून हा माळ वाचला, नाहीतर लंडनच्या इतक्या जवळची जमीन बिल्डरांनी सोडली नसती. माझं मत स्पष्ट आहे: रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागेवर, लाल निशाण असेल तर आत जायचं नाही, पण एरवी वाटा सायकलला मोकळ्या हव्यात. कुंपणं घालू नयेत.

रातवा: अजिबात पटत नाही. टेम्स बेसिन हीथ्सला, म्हणजे आपल्या या माळांच्या पट्ट्याला, २००५ मध्ये संरक्षण मिळालं ते तीन पक्ष्यांसाठी: रातव्याचा इथला भाऊबंद नाइटजार, वुडलार्क आणि डार्टफर्ड वॉर्बलर. पहिले दोन जमिनीवरच अंडी घालतात. नाइटजार दिवसा पाचोळ्यात असा मिसळून बसतो की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. उतारावरून वेगात येणाऱ्याला तो काय दिसणार? वॉर्बलर तर १९६२-६३च्या कडक थंडीत इंग्लंडमधून नाहीसा व्हायच्या बेतात होता, जेमतेम दहा-बारा जोड्या उरल्या होत्या. या माळापासून ४०० मीटरच्या आत नवीन घरं बांधू देत नाहीत ती याच पक्ष्यांपायी. मग आपल्याला मोकळीक कशासाठी?

हेदरवाट: त्याच माळावर लष्कराच्या अवजड गाड्या चिखल तुडवत फिरतात, त्याचं काय? उघडी पडलेली वाळू सँड लिझार्ड या सरड्याला अंडी घालायला लागते. वुडलार्कही उघड्या जमिनीवरच चरतो. माणसाने झाडं तोडली, गुरं चारली म्हणून हीथ तयार झालं. हात लावायचा बंद केला तर तिथे बर्च आणि पाइन माजतील.

पायवाट: कायद्याचंही बघा. २००० च्या कायद्याने मोकळ्या माळावर फिरायचा हक्क दिला तो पायी चालणाऱ्यांना. सायकलला १९६८ पासून ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांसाठीच्या वाटांवर, परवानगी आहे, तीही पादचारी आणि घोडेस्वारांना आधी वाट देऊन. लष्करी जमिनीवर त्यांचे वेगळे उपविधी आहेत. शिवाय निशाण नसलं तरी झुडपात जवान दबा धरून असतात, खंदक खणलेले असतात. पडलेल्या कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावू नका, हे तर मुलांनाही पढवून ठेवा.

रातवा: हेदरवाट, गाड्यांचे रस्ते ठरलेले आहेत, ते रुंद आहेत आणि पक्ष्यांना माहीत आहेत. माझा राग आहे तो हेदर कापून रातोरात काढलेल्या नव्या वाटांवर, फावड्याने रचलेल्या जंपांवर. मार्च ते ऑगस्ट फक्त रुंद रस्त्यांवर सायकल चालवायची, एवढं मान्य आहे का?

हेदरवाट: नव्या वाटा आणि जंप नकोत, हे मान्य. पण वर्षानुवर्षं वापरात असलेल्या अरुंद वाटा सहा महिने बंद ठेवायला माझा विरोध आहे. मोकळे सोडलेले कुत्रे घरट्यापर्यंत जातात, सायकल निदान वाटेवर राहते. आधी कुत्र्यांना दोरी लावा.

रातवा: कुत्र्यांना दोरी लावाच. त्याने अरुंद वाटेलगतचं घरटं वाचत नाही.