गच्चीवरचा सिनेमा आणि किल्ली

ए-२०२ काका: नमस्कार. शनिवारी रात्री पावणेबारापर्यंत गच्चीवर ढिशूम ढिशूम चालू होतं. कोजागरीनंतर काय ठरलं होतं, विसरलात का? आणि गच्चीची किल्ली कुणाकडं आहे?

बंटी सी-४०१: सॉरी काका. ‘सुरक्षा’ लावलेला, १९७९चा. मिथुन म्हंजे गुप्तहेर गनमास्टर जी-९. नाद खुळा!

सेक्रेटरी अण्णा: बंट्या, पुढच्या वेळी दहाला बंद. विषय संपला.

डी-३०३ वहिनी: संपला कसा? वाळत घातलेली माझी पांढरी चादर पडदा म्हणून कुणी लावली? डाग पडून परत आली.

बंटी सी-४०१: वहिनी, डाग आधीचाच हाय, हळदीचा. व्हिलनच्या बरोब्बर गालावर यायचा. पोरं म्हणाली, ह्याला कावीळ झालीया.

बी-१०४ काकू: असल्या भिकार पिक्चरात काय ठेवलंय? आमचे हे तर तिथंच घोरले.

सुभेदार बी-२०१: अहो, भिकार नका म्हणू. ‘सुरक्षा’चा दिग्दर्शक रविकांत नगाइच मुळात कॅमेऱ्यामागचा, ट्रिक फोटोग्राफीतला माणूस. जितेंद्रला एजंट ११६ करून १९६७ला ‘फर्ज’ त्यानंच काढला. कोल्हापुरात राहून त्याला हसायचं? बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा अख्खा कॅमेराच इथं बनवला!

सेक्रेटरी अण्णा: आलं. पोचलो बाबूराव पेंटरांपर्यंत.

ए-२०२ काका: गच्चीची किल्ली कुणाकडं आहे?

बंटी सी-४०१: पुढच्या शनिवारी ‘सॅव्हेज बीच’, १९८९. अँडी सिडारिस, आधी टीव्हीवर खेळाचे सामने दाखवायचा, मग असले पिक्चर काढाय लागला. दोघी सरकारी एजंट विमानातनं औषध पोचवायला निघतात, वादळात बेटावर अडकतात, आणि तिथं महायुद्धातलं सोनं!

बी-१०४ काकू: त्या एजंट बायका अंगावर कपडे किती घालतात तेही सांग की. नातू आठवीत आहे माझा.

बंटी सी-४०१: तेवढा भाग पळवतो काकू.

सुभेदार बी-२०१: मग उरतंय काय?

बंटी सी-४०१: खरं सांगू? मोठ्या पिक्चरात कोट्यवधीचा स्फोट झाला तरी मी मोबाईल बघत असतोय. ह्याच सिडारिसच्या ‘हार्ड टिकेट टू हवाई’त विषारी साप येतोय, सरळ सरळ रबर! तरी नटमंडळी जीव तोडून घाबरत्यात. त्यांची लाज आपणच राखायची, म्हणून आपण पण ओरडायचं. शनिवारी अठ्ठावीस डोकी होती. सोसायटीच्या मीटिंगला अकरा येत नाहीत.

डी-३०३ वहिनी: मीटिंगला माझी चादर लावत नाहीत म्हणून.

सेक्रेटरी अण्णा: हा टोमणा मला का? सहा वर्षं फुकट राबतोय. ज्याला हौस आहे त्यानं रजिस्टर घेऊन जावं.

सुभेदार बी-२०१: अण्णा, गैरसमज नको. पोरगं आहे ते.

ए-२०२ काका: गच्चीची किल्ली कुणाकडं आहे?

बंटी सी-४०१: काका, जी-९ला पाठवू का शोधाय?

बी-१०४ काकू: बंटी, मोठ्यांशी नीट बोल. किल्ली मिळाली. ह्यांच्या पायजम्याच्या खिशात. मशीनमध्ये खडखड वाजली म्हणून कळलं.

ए-२०२ काका: आभारी आहे. डुप्लिकेट कुणाकडं आहे?