न्यूयॉर्क: शिवणकारखान्यातल्या मुलींच्या संपाच्या जागा. काय बघावं?

सुमन_ताई: लेकीकडे जर्सी सिटीला आलेय. नातीला शाळेत ट्रँगल कारखान्यावर (१९११ ला आग लागली तो शिवणकारखाना) प्रोजेक्ट आहे. तिला घेऊन एक दिवस मॅनहॅटनला जाणार. तिकिटांवर दोघींचे मिळून २० डॉलर, वर नाही. गुडघे दुखतात, जिने नकोत.

चकली_एडिसन: टेनेमेंट म्युझियम, डोळे झाकून! ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट. लेव्हिन कुटुंबाने राहत्या घरातच शिवणकाम थाटलं होतं, ते घर दाखवतात. २० मध्ये नाही बसणार, पण रोज थोडंच येताय?

भटक्या७१: ताईंनी जिने नकोत म्हटलंय, आणि तुम्ही त्यांना जुन्या चाळीचे जिने चढवताय.

कोथरूडकर: आम्ही आगीची इमारत बघायला गेलो. बघण्यासारखं काही नाही. पार्किंगलाच ४५ डॉलर गेले. घरी बसून व्हिडिओ बघा.

मृण्मयी: असं कसं काही नाही? वॉशिंग्टन प्लेस आणि ग्रीन स्ट्रीटचा कोपरा, हल्ली विद्यापीठाची ब्राऊन बिल्डिंग. कारखाना ८, ९ आणि १० व्या मजल्यावर. बंबाच्या शिड्या पोचल्या सहाव्यापर्यंत. खाली उभं राहून नातीला मजले मोजायला लावा. २५ मार्च १९११ ला १४६ जण गेले, बहुतेक कोवळ्या पोरी. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. सुटताना चोरी नको म्हणून पोरींच्या पर्सा तपासायचे ना! मालक डिसेंबरात निर्दोष सुटले. २०२३ पासून भिंतीवर स्मारक आहे: नावं वर पोलादात कोरलीत, ती खालच्या काळ्या पाटीत उमटतात. फुकट.

चकली_एडिसन: म्युझियममध्ये हे सगळं समजावून सांगतात.

गिरणगाव_बॉय: आमच्या १९८२ च्या संपावर कोण प्रोजेक्ट करतं?

भटक्या७१: काका, इथे न्यूयॉर्क चाललंय. ताई, मृण्मयीला +१. पण जर्सीहून येणाऱ्या पाथ रेल्वेच्या नवव्या रस्त्यावरच्या स्टेशनला लिफ्ट नाही. वर्ल्ड ट्रेडला उतरा, पुढे टॅक्सी.

कोथरूडकर: टॅक्सी म्हणजे पुन्हा पार्किंगएवढेच पैसे.

मृण्मयी: आणखी एक. तिथून चालत पंधरा मिनिटांवर कूपर युनियन (नावात युनियन असलं तरी कॉलेज आहे). २२ नोव्हेंबर १९०९ ला तिथे शिवणकामगारांच्या सभेत पुढाऱ्यांची भाषणं संपता संपेनात. युक्रेनहून आलेली २३ वर्षांची क्लारा लेमलिच उठली आणि यिडिशमध्ये, म्हणजे तिकडच्या ज्यूंच्या भाषेत, म्हणाली, बोलणं पुरे, सार्वत्रिक संप करा. वीस हजारांवर कामगार बाहेर पडले, बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली. सुयांचेसुद्धा पैसे पगारातून कापायचे हो त्यांचे! बऱ्याच मालकांनी नमतं घेतलं. ट्रँगलने युनियन शेवटपर्यंत मानली नाही. सभागृह तळघरात आहे. बाहेरूनच बघा.

सुमन_ताई: सगळ्यांचे आभार. नात म्हणते, आगीवर वर्गात चौघं करतायत, मी क्लारावरच करणार. तेव्हा फक्त कूपर युनियन. आगीची इमारत नको, म्युझियम नको. २० डॉलरचं जेवू.

चकली_एडिसन: ताई, एवढ्या लांब येऊन म्युझियम सोडताय?